ताईची नळी

"श्वास रोखून धर," मावशी म्हणाली, आणि नळीच्या तोंडातला कापसाचा बोळा तिने करंगळीत अडकवून काढला.

मी तिचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. विद्यापीठाच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याखालून वळलं की तिची प्रयोगशाळा. पंखा बंद, खिडक्या बंद, टेबल स्पिरिटने पुसलेलं आणि मधोमध बर्नरची निळी ज्योत. बुरशीचं काम पंख्याखाली होत नाही. बुरशीच्या बिया पावडरीपेक्षा हलक्या, कोणी फुंकर मारली तरी खोलीभर होतात. म्हणून घामाने भिजत बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मला दोन्ही जमत नाही, पण त्या टेबलापाशी मी गुमान बसायचे.

तिने तारेची सुई ज्योतीत लालभडक केली, गार होऊ दिली. जुन्या नळीतल्या हिरव्या भुकटीला नुसतं टोक लावलं, नव्या नळीत थिजवलेल्या अगरावर, म्हणजे बुरशीच्या खाण्यावर, एक रेघ ओढली, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं आणि बोळा परत लावला. एक नळी झाली. तिच्यावर लिहिलेलं होतं "पोतं". मग तिने शेजारची घेतली. तिच्यावर लिहिलेलं होतं "ताई". नेहमी हाच क्रम. आधी पोतं, मग ताई.

ताई म्हणजे माझी आई. मावशीची थोरली बहीण. त्या नळीतली बुरशी आईच्या फुप्फुसातून काढलेली होती. आईला त्या बुरशीनेच संपवलं. आणि मावशीने ती एवढी वर्षं मरू दिली नव्हती. दर काही महिन्यांनी नव्या अगरावर चढवली नाही, तर बुरशी आपलं खाणं संपवून वाळून जाते. मावशी चढवत राहिली.

लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघायचे, मग मावशीच्या दाराकडे. बघू देत. ती वेडी नव्हती. तिची गोष्ट मला येते तशी सांगते. शाळा मी अर्धवट सोडली, त्यामुळे जिथे मावशीचे मोठे शब्द येतील तिथे माझे छोटे घालते.

लहानपणी तिच्या दप्तरात ब्रेडचा तुकडा राहिला आणि त्याला केस फुटले. घरातले सगळे नाक धरून पळाले. तिने त्यावर पेला उपडा घातला आणि रोज शाळेतून आली की आधी पेल्यापुढे पालथी पडायची. आई सांगायची, "हिला शिळा ब्रेड द्या, ही वाढदिवस करेल त्याचा." आई सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसायची. दिवसभर लोकांशी बोलून घरी आली तरी तिचं तोंड थांबत नसे. मावशी त्याच्या उलट. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नव्हतं. आई तिला "बुरशे" म्हणायची, आणि तेच नाव पुढे विद्यापीठात पोचलं. मुलं पाठीमागे तिला बुरशीबाई म्हणायची. तिला माहीत होतं. एकदा तिने स्वतःच दारावर खडूने तसं लिहून ठेवलं, मग मुलांची मजा गेली.

तिचं काम धान्यावरच्या बुरशीचं. गोदामांत जायची, पोत्यात हात कोपरापर्यंत घालायची, मूठभर काढून नाकाशी धरायची. कुठली बुरशी नुसती घाण आणि कुठली विषारी, हे तिने शोधून काढलं, त्यावर तिचं नाव झालं, बाहेरची माणसं तिला पत्रं लिहायची. एका गोदामाचा माल तिने खाण्याच्या लायकीचा नाही म्हणून सांगितलं, तर विभागप्रमुखांनी तिला बोलावून जरा सांभाळून लिहा म्हटलं. ती म्हणाली, मी सांभाळते, खाणाऱ्यांचं पोट कोण सांभाळणार. त्यानंतर ती कधी विभागप्रमुख झाली नाही. तिला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी त्या प्रमुखांच्या गाडीच्या काचेवर ओल्या बोटाने काय लिहून आले ते इथे नको.

तिच्याकडे कोणीही काहीही आणायचं. शिपाई कपाटातले बूट आणायचा, ग्रंथपाल पुस्तकं, कोणी कॅमेऱ्याची भिंगं. प्रयोगशाळेत एक विनोदच होता, की तुमच्या नाकावर बुरशी आली तर बाई आधी तिला विचारतील, तू कुठली गं, मग तुम्हाला विचारतील, दुखतंय का. आणि शिस्त अशी, की तिची एक विद्यार्थिनी होती, ताडमाड उंच, सगळे तिला लंबू म्हणायचे, तिने एकदा एकाच ज्योतीपाशी एकाच बैठकीत दोन हिरव्या बुरशा उघडल्या. मावशीने तिला सगळ्यांदेखत बाहेर काढलं. आठवडाभर आत घेतलं नाही. दोन हिरव्या एका बैठकीत नाहीत, हा तिचा कायदा होता. एकीची बी उडून दुसरीत पडली तर डोळ्यांना कळत नाही. दोन्ही हिरव्याच.

आईला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा मी लहान होते. औषधांनी अंगातली ताकद पार खरवडून काढली. साध्या हवेतली साधी बुरशी, जी तुमच्या माझ्या नाकातून रोज आत जाते आणि मरते, ती अशा माणसाच्या फुप्फुसात घर करते. मावशीला हे माहीत होतं. तरी ती रोज प्रयोगशाळेतून निघून सरळ दवाखान्यात यायची, कारण भेटायची वेळ संपत यायची आणि आई दाराकडे डोळे लावून बसलेली असायची. त्या दिवसांत मावशी सडकं धान्य दळत होती. तिच्या बाहीवर हिरवट धूळ असायची. आई ती बाही धरून झोपायची. हे मी बघितलंय.

मग खोकला आला, आणि खोकल्यानंतर फार काही उरलं नाही.

दवाखान्याच्या तपासणीखोलीत एक म्हातारा होता, खिशात कायम काचपट्ट्या, म्हणून काचकाका. कुठलीही गोष्ट न टाकणारा माणूस. रिकाम्या बाटल्यांची बुचंसुद्धा जपून ठेवायचा. मावशी शिकताना त्याच्याकडे काम करून गेलेली. त्याने आईच्या फुप्फुसातली बुरशी नळीत वाढवून तिच्या हातात दिली. "बाई, तुम्ही बघा," एवढंच म्हणाला. मावशीने सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. तीच जात. तिच्या टेबलावर पोत्यातली वाढत होती, तीच. जात एक म्हणजे बुरशी एक असं नसतं. सगळ्या चिमण्या चिमण्याच, पण ही चिमणी त्याच घरट्यातली का, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तेव्हा दुसऱ्या कशानेही सांगता येत नव्हतं.

मयताच्या दिवशी बाबा दारात उभे होते. मावशी आत यायला लागली तर त्यांनी चौकटीवर हात ठेवला.

"तुझ्याच अंगावरून आली ती," म्हणाले.

मावशी वळली. पायऱ्या उतरून खाली गेली आणि लोक निघेपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली.

पुढे बाबांनी दुसऱ्या गावात चष्म्याचं दुकान टाकलं आणि दुसरं लग्न केलं. मी दप्तर उचललं आणि मावशीच्या दारात जाऊन बसले. बाबा न्यायला आले तर मी त्यांना चावले. बाबांच्या मनगटावर खूण आहे अजून. शेवटी ते म्हणाले, राहा तिकडेच.

मावशीने दार उघडलं तेव्हा मी तिला मिठी मारायला धावले आणि ती भिंतीला चिकटली. "थांब. आधी आंघोळ." माझी नाही, तिची. तेव्हापासून तसंच. दाराच्या आत बादली. विद्यापीठातून आली की कपडे त्यात, केस धुवून मगच घरात. तिचे केस कायम ओले. आमच्या घराला स्पिरिटचा आणि ओल्या केसांचा वास होता. अजून कुठे तो वास आला की माझे पाय थांबतात.

आणि खोकला. मी जिन्यात ठसकले तरी ती हातातला कप ठेवून उभी राहायची. काही विचारायची नाही. नुसती ऐकत राहायची, पुढचा येतो का. उन्हाची तिरीप खोलीत आली आणि तिच्यात धूळ तरंगताना दिसली, की तिचं बोलणं मध्येच तुटायचं. त्या धुळीत कोणी उभं असल्यासारखी बघायची. मग उठून पडदा ओढायची. आमच्याकडे सकाळीसुद्धा संध्याकाळ असायची.

मी शाळा सोडली तेव्हा वाटलं आता तरी ओरडेल. तिने जेवणाचं ताट पुढे ठेवलं. "बुरशीला शाळा नसते. पण ती बसून राहत नाही, कार्टे. तू काहीतरी कर." मग मी स्कूटरवरून पार्सलं पोचवायला लागले. बसून राहण्याचा प्रश्नच मिटला.

नळीचं म्हणाल तर ती नळीशी बोलायची. मोठ्याने नाही. बोळा काढण्याआधी काच तोंडाजवळ धरून, "ताई, बरी आहेस ना." सुरुवातीला ती बुरशी फिकट होती आणि फार हळू वाढायची, दुखण्यातून उठलेल्या माणसासारखी. मावशी काळजीत असायची, जाते का काय म्हणून. पोतं मात्र तरारून यायचं, दाट, गर्द हिरवं. मग एक दिवस ताईसुद्धा दाट हिरवी आली. मावशी त्या दिवशी घरी येऊन चक्क गुणगुणत होती. "आता मानवलं तिला," म्हणाली.

मी एकदा विचारलं होतं, तुझा तो कायदा, दोन हिरव्यांचा, तो या दोघींना नाही का? ती म्हणाली, शेजारी शेजारी असल्या की फरक दिसतो. आणि माझा हात चुकत नाही. मला पटलं. तिचा हात चुकतो असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याचे दात मोजून हातात दिले असते.

मधल्या काळात डीएनए तपासणी आली. दोन बुरशा एकाच घरट्यातल्या की नाही, हे आता सांगता यायला लागलं. मावशीने दुसऱ्यांच्या कितीतरी नळ्या पाठवल्या. या दोन पाठवल्या नाहीत. मी म्हणायचे, करून टाक ना एकदाचं. रोज मरण्यापेक्षा बरं. ती म्हणायची, बघू. एकदा म्हणाली, "नाही निघालं तर मी एवढी वर्षं काय करत होते? आणि हो निघालं तर तुझ्यासमोर जेवायला कशी बसू?"

मी म्हटलं, समोर नको, शेजारी बस. ती हसली नाही.

मग विभागाची इमारत बदलली. नव्या ठिकाणी नवे नियम. माणसाच्या अंगातून काढलेली प्रत्येक बुरशी तपासून नोंदवायची, नाहीतर वाफेच्या यंत्रात घालून मारून टाकायची. ही सगळी जबाबदारी लंबूवर आली. तोवर ती तिथेच प्राध्यापक झाली होती. ती मावशीकडे आली तेव्हा मी तिथेच होते. तिला बसवत नव्हतं.

"मॅडम, ती नळी. तपासली नाही तर मला ती..."

मावशी कपाट उघडून उभी राहिली. नळी पाठवली तर बाबांचं ते वाक्य खरं की खोटं, याचा निकाल लागणार. नाही पाठवली तर ताई वाफेत जाणार. दोन्ही बाजूंनी फास. तिने दोन्ही नळ्या काढल्या, एकाच रबरात गुंडाळल्या आणि लंबूच्या हातात दिल्या. "दोन्ही पाठव."

त्यानंतर निकाल येईपर्यंत ती घरात असून नसल्यासारखी होती. चहा गार व्हायचा. जिन्यात पाऊल वाजलं की मान वळायची. शेजारच्या घरातलं कोणी खोकलं तर भिंतीला कान लावायची.

लंबू स्वतः घरी आली. पायातली चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"मॅडम, एकच आहेत."

"फरक किती?"

"एकही नाही."

मावशी खुर्चीत बसली. लंबू हळूच म्हणाली, "मॅडम, कधी या दोन्ही एकाच वेळी उघडल्या..."

"मी?" मावशी म्हणाली.

तो एकच शब्द. लंबूला त्याच चुकीसाठी तिने एकदा बाहेर काढलं होतं. ती परत गेली. मी दार लावलं, जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने आंघोळ न करता मला जवळ घेतलं. मला वाटलं सुटली. पण तिचं अंग थंड होतं, ओल्या भिंतीसारखं. आता काय जपायचं, असं काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, मला भावजींकडे घेऊन चल.

मी तिला स्कूटरवर बसवून बाबांच्या गावाला नेलं. रस्ताभर तिने माझा खांदा धरला होता. बाबा दुकानात होते, कोणाच्या तरी चष्म्याची काडी बसवत. केस पांढरे झालेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत मावशी बाकावर बसून राहिली. मग उभी राहिली, शाळेतल्या मुलीसारखी हात पाठीमागे घेऊन.

"भावजी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. तपासून घेतलं मी."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "काय म्हणालो होतो?"

"दारात. तुझ्याच अंगावरून आली, म्हणून."

बाबा आठवत राहिले. खरंच आठवत होते, नाटक नव्हतं, नाहीतर मी दुसऱ्या मनगटाला चावले असते. "मी म्हणालो असं?" ते म्हणाले. "त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही गं. डोकं जाग्यावर नव्हतं. बस ना, चहा सांगतो."

चहा आला. तिने पूर्ण प्यायला. बाबांनी तिच्या चष्म्याची ढिली काडी बघितली आणि न विचारता काढून घेतली, स्क्रू आवळून परत डोळ्यांवर ठेवला. येताना तिने माझा खांदा धरला नाही. मागे कोणी बसलंय की नाही, हेच मला कळत नव्हतं. दोनदा मान वळवून बघितलं.

पुढच्या वर्षी ती गेली. हृदय बंद पडलं, खुर्चीतच, भर दुपारी. पडदे उघडे होते. हल्ली ती पडदे ओढत नसे. उन्हात धूळ तरंगत होती आणि तिचा चेहरा त्या धुळीकडे होता. शेवटपर्यंत तिला वाटत होतं की ताईला आपण मारलं. माझ्यासमोर तिने ते परत कधी म्हटलं नाही, पण खोकल्याला दचकणं थांबवलं. ज्याचा निकाल लागलाय ते माणूस दचकत नाही.

घर मी तसंच ठेवलंय. दाराआतली बादली पण. कधीकधी बाहेरून आले की तिच्यात पाणी असल्यासारखं वाटतं.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

"एकही फरक नाही," हे लंबूच्या डोक्यातून जात नव्हतं. दोन नळ्या इतकी वर्षं वेगळ्या वाढल्या, तर एकाच घरट्यातल्या असल्या तरी कुठे ना कुठे बारीक फरक पडतोच. इथे काहीच नव्हता. मावशी असेपर्यंत तिची विचारायची हिंमत झाली नाही. मावशी गेल्यावर ती काचकाकाच्या घरी गेली. म्हातारा अजून आहे, अंथरुणाला खिळलेला, पण डोकं शाबूत. त्याने मुलीला सांगून पलंगाखालची पेटी ओढायला लावली. आईच्या फुप्फुसातून काढली त्याच दिवशी त्याने ती बुरशी थोडी सुकवून, काचेच्या नळीत घालून, तिचं तोंड वितळवून बंद करून ठेवलेली होती. त्याने कधी काही टाकलं नव्हतं, तसं हेही टाकलं नव्हतं.

लंबूने ती काच फोडली आणि तपासली. पोत्यातल्या बुरशीशी तिचा काही संबंध नव्हता. वेगळं घरटं. मावशीच्या बाहीवरून ती आली नव्हती, तिच्या प्रयोगशाळेतून आली नव्हती. ताईच्या नळीत पोत्याचीच बी पडली होती, बहुधा ती दाट हिरवी आली आणि मावशी गुणगुणत घरी आली, त्याच सुमाराला. म्हणजे त्यानंतर मावशी जिला "ताई, बरी आहेस ना" विचारत होती, ते पोतं होतं.

लंबूने मला प्रयोगशाळेत बोलावून काचकाकाची बुरशी दाखवली. नव्या अगरावर चढवलेली, एकटीच, दुसरी कुठलीही नळी जवळ न ठेवता. पंखा बंद होता. मी श्वास रोखून धरला.

फिकट होती. आणि फार हळू वाढत होती.